अँटेना नसलेला राउटर

नवा राउटर टेबलावर ठेवला तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, "याला अँटेना कुठायत?" प्रश्न रास्त होता. आधीच्या राउटरला चार अँटेना होत्या, उताणा पडलेल्या कोळ्यासारखा दिसायचा तो. हा म्हणजे तळहातापेक्षा जरासा मोठा पत्र्याचा डबा, समोर पाच पोर्ट आणि दोन-चार दिवे. वायफाय नाहीच.

तो आणायचं कारण सांगतो. संध्याकाळी कुणी फोनमधले फोटो क्लाउडवर चढवायला घेतले, की दुसऱ्या खोलीतल्या व्हिडिओ कॉलवरचा माणूस तोंड उघडं ठेवून गोठायचा. मी आधी सगळे करतात तेच केलं, जास्त स्पीडचा प्लॅन घेतला. फोटो लवकर चढायला लागले आणि माणूस जरा कमी वेळ गोठायला लागला, इतकाच फरक पडला. दुखणं रांगेचं होतं आणि मी औषध स्पीडचं देत होतो.

आपण ज्याला राउटर म्हणतो ते खरं तर एकत्र कुटुंब असतं. तारा जोडणारा स्विच, वायफायचा ॲक्सेस पॉइंट, घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटणारा डीएचसीपी सर्व्हर, नको ती ये-जा अडवणारी फायरवॉल, कधीकधी बाहेरच्या लाइनशी जोडणारा मॉडेमसुद्धा त्याच डब्यात नांदतो. या गर्दीत खरा राउटर एकच. आलेल्या पॅकेटवरचा, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यावरचा, पत्ता वाचायचा आणि ते कोणत्या दारातून पुढे धाडायचं ते ठरवायचं, हे त्याचं काम. मोठं पॅकेट साधारण १,५०० बाइटचं असतं. १ जीबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १०० कोटी बिट नेणारी, लाइन तुडुंब भरून वाहत असेल तर अशी ८१ हजारांवर पॅकेटं दर सेकंदाला येतात, म्हणजे एकेका पॅकेटच्या वाट्याला जेमतेम १२ मायक्रोसेकंद. तेवढ्यात पत्ता पाहायचा, पॅकेटच्या आयुष्याचा आकडा एकाने कमी करायचा (नाहीतर वाट चुकलेली पॅकेटं नेटवर्कमध्ये भुतासारखी फिरत राहतील) आणि घरचा खासगी पत्ता खोडून त्यावर बाहेरचा पत्ता लिहायचा.

हे पत्ता बदलणं म्हणजे नॅट. इंटरनेटवरचे पत्ते ज्या नियमांनी चालतात त्या आयपीच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा आहे, त्यामुळे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्तेच होऊ शकतात. ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकातच दिसू लागलं होतं. मग १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांसारखे काही गट खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. तुमच्या आणि शेजाऱ्याच्या लॅपटॉपचा पत्ता अगदी एकच असला तरी बिघडत नाही. कोणतं उत्तर घरातल्या कोणाचं, याची वही राउटर ठेवतो. २०११ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गटही वाटून संपले. जग अजून चालतंय ते बऱ्याच अंशी या वहीमुळे.

आता रांगेकडे येतो.

घरातून राउटरपर्यंतची तार १ जीबीपीएसची आणि तिथून बाहेर जाणारी अपलोडची वाट, समजा, २० एमबीपीएसची. मोठ्या हौदाला बारीक तोटी बसवावी तसं हे. फोन फोटो धडाधड ओततो, तोटीतून ते थेंबाथेंबाने जातात आणि उरलेली पॅकेटं मॉडेमच्या मेमरीत थांबतात. या थांबण्याच्या जागेला बफर म्हणतात. बफर १ एमबीचा धरला तर त्यात ८० लाख बिट मावतात. सेकंदाला २ कोटी बिट वाहून नेणाऱ्या वाटेला तो रिकामा करायला ०.४ सेकंद लागतात. म्हणजे रांगेच्या शेपटाला लागलेलं व्हिडिओ कॉलचं इवलंसं पॅकेट नुसतं घराबाहेर पडायलाच ४०० मिलिसेकंद घेतं. संभाषण सुरळीत वाटायला एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. इथे तो उंबऱ्यातच संपला.

एवढे मोठे बफर ठेवले कुणी? ठेवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. मेमरी स्वस्त झाली आणि एकही पॅकेट वाया जाऊ नये असं अभियंत्यांना वाटलं. गंमत अशी, की इंटरनेटचा सगळा शहाणपणा पॅकेट वाया जाण्यावरच उभा आहे. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत बर्कली इथे एकमेकांपासून ४०० यार्डांवर असलेल्या दोन संस्थांमधला वेग ३२ हजार बिट प्रति सेकंदावरून ४० बिटांवर कोसळला. हजार नव्हे, नुसते ४०. गर्दीत पॅकेटं हरवत होती, पाठवणारे ती पुन्हा पाठवत होते आणि गर्दी आणखी वाढत होती. त्याच्या मुळाशी जाऊन नेटवर्कतज्ज्ञ व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये जो उपाय मांडला तो टीसीपीत, म्हणजे पॅकेटं नीट पोचवायच्या नियमांत, आजही मुरलेला आहे: पॅकेट हरवलं की पुढे गर्दी आहे असं समजायचं आणि आपला वेग कमी करायचा. बफर भला मोठा असला की पॅकेट हरवतच नाही. पाठवणाऱ्याला वाटतं रस्ता मोकळा आहे आणि तो ओततच राहतो. रांग वाढते, पण त्याला ती दिसत नाही.

२०१० च्या सुमारास जिम गेटिस या संगणकतज्ज्ञाने स्वतःच्या घरून मोठ्या फायली पाठवताना हाच त्रास अनुभवला, त्याचा छडा लावला आणि त्याला 'बफरब्लोट' असं नाव दिलं. बफरला आलेली सूज. स्पीड टेस्टमध्ये ही सूज बरेचदा दिसत नाही, कारण तिथे ठळक अक्षरात वेग येतो आणि लाइन भरलेली असतानाचा विलंब कोपऱ्यात राहतो. घरी पाहायचं असेल तर एका खिडकीत पिंग (दूरच्या संगणकाला हाक मारून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा आणि दुसरीकडे मोठी फाइल अपलोडला लावा. पिंगचे आकडे उड्या मारायला लागले की समजायचं.

उपाय २०१२ मध्ये आला. कॅथलीन निकोल्स आणि पुन्हा तेच व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' नावाची पद्धत मांडली. तिचं मर्म मला फार आवडतं: रांग किती लांब आहे ते पाहायचंच नाही, माणूस रांगेत किती वेळ उभा आहे ते पाहायचं. प्रत्येक पॅकेटवर आल्याची वेळ टिपायची. सलग १०० मिलिसेकंद एकही पॅकेट ५ मिलिसेकंदांच्या आत सुटलं नाही तर रांग साचून राहिली आहे असं धरायचं आणि एखादं पॅकेट मुद्दाम टाकून द्यायचं. पाठवणाऱ्याला हवा तो इशारा मिळतो, तो हळू होतो. याच कल्पनेच्या 'एफक्यू-कोडेल' या रूपात एकाऐवजी अनेक रांगा असतात, सहसा १,०२४. फोटोंची रांग वेगळी, कॉलची वेगळी, आणि ज्याची पॅकेटं मोजकीच येतात त्याला आधी वाट मिळते. हातात एकच जुडी असलेल्याला भरलेल्या टोपलीवाल्याने पुढे जाऊ द्यावं, तसं.

यात एक मेख आहे, आणि तिथेच साधा राउटर आणि प्रगत राउटर वेगळे होतात. रांग नेहमी वाटेतल्या सगळ्यात अरुंद जागी साचते. ती जागा मॉडेममध्ये आहे, जिथे आपलं काही चालत नाही. म्हणून राउटरने मुद्दाम लाइनच्या क्षमतेपेक्षा थोडं कमी, ९०-९५ टक्केच पाठवायचं. मग सगळ्यात अरुंद जागा आपलाच राउटर होतो, रांग आपल्या दारात येते आणि तिला शिस्त लावता येते. वेग थोडा सोडायचा आणि त्या बदल्यात विलंब आटोक्यात आणायचा. घरी हे पटवून द्यायला मला जड गेलं. पैसे भरून घेतलेला वेग हा माणूस स्वतःच कमी करतोय, असंच सगळ्यांना दिसलं.

या हिशेबाला प्रोसेसर लागतो, आणि खरेदी करताना बहुतेकांची फसगत इथेच होते. बऱ्याच राउटरांमध्ये पॅकेटं एका खास चिपमार्फत, मुख्य प्रोसेसरला न विचारता परस्पर पुढे जातात. डब्यावर छापलेला गिगाबिट वेग त्या चिपचा असतो. रांगेची शिस्त चालू केली की बहुतेक वेळा प्रत्येक पॅकेट प्रोसेसरकडे येतं, आणि तो अशक्त असेल तर गिगाबिटचे दोन-तीनशे एमबीपीएस होतात. तेव्हा शिस्त चालू असतानाचा वेग किती ते विचारावं. अँटेना मोजू नयेत.

वायफाय नसण्याचं काय? हवा ही सगळ्यांची सामाईक वाट आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, आणि शेजारघरचा वायफायही त्यातच आला. तारेत तसं नाही. गिगाबिटच्या केबलमध्ये आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात आणि चारही जोड्यांवरून दोन्ही दिशांना एकाच वेळी माहिती जाते. हा पीळ शोभेचा नाही. जोडीतल्या दोन तारांवर एकमेकींच्या उलट सिग्नल असतो. बाहेरचा गोंगाट पीळामुळे दोघींवर सारखाच पडतो, पलीकडे फक्त दोघींमधला फरक मोजला जातो आणि गोंगाट वजा होतो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची. टेलिफोनच्या तारांसाठी त्यांनी १८८१ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं.

आठातली एक तार जरी कनेक्टरमध्ये नीट बसली नाही तरी जोडणी बरेचदा गुपचूप १०० एमबीपीएसवर उतरते, कारण तेवढ्याला दोनच जोड्या पुरतात. मी स्वतः क्रिंप केलेल्या केबलने मला दोन आठवडे असंच फसवलं. दोष मी राउटरला देत होतो.

वायफाय तर लागतंच. त्यासाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट घेतला आणि माणसं जिथे बसतात तिथे छताला लावला. राउटर मात्र केबल घरात शिरते त्या कोपऱ्यातच राहिला. वायफायची नवी पिढी आली की ॲक्सेस पॉइंट बदलायचा, राउटरला हात लावायची गरज नाही. इंटरनेट कंपनीच्या डब्याला तेवढं ब्रिज मोडमध्ये, म्हणजे पत्ते न बदलता पॅकेटं नुसती पुढे सोडायच्या कामावर, टाकावं लागतं, नाहीतर पत्त्यांच्या दोन वह्या एकापाठोपाठ एक चालतात आणि काही गेम, काही कॅमेरे रुसतात.

दुसरा फायदा घराच्या आत भिंती घालण्याचा. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवलेले कॅमेरे आणि राउटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले होते. माझ्या घरातल्या स्वस्त कॅमेऱ्याला कंपनी अपडेट कधी देईल याचा भरवसा नाही. मग त्याने लॅपटॉपच्या शेजारी बसायचं कशाला? व्हीलॅनमध्ये प्रत्येक पॅकेटला १२ बिटांचा एक क्रमांक चिकटवतात आणि एकाच केबलवरून अनेक वेगळी नेटवर्कं चालतात. मी तीन केली: आमचं, उपकरणांचं, पाहुण्यांचं. लॅपटॉपने टीव्हीशी बोलणं सुरू केलेलं चालतं, टीव्हीने आपणहून लॅपटॉपला हाक मारलेली चालत नाही.

पहिल्याच दिवशी फोनवरून प्रिंटर दिसेनासा झाला. ही उपकरणं एकमेकांना शोधायला जी हाळी घालतात ती भिंतीपलीकडे जात नाही. तिच्यासाठी राउटरमध्ये निरोप्या बसवावा लागला. त्यानंतर रात्री अकरा वाजता फायरवॉलचा एक नियम असा लिहिला की राउटरने मलाच आत घ्यायचं बंद केलं. पेपरक्लिपने रीसेट करून पहिल्यापासून सगळं. काही राउटरांमध्ये बदल केल्यावर संपर्क तुटला तर जुनी मांडणी आपोआप परत येते. ही सोय कुठे असते ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी शोधलं.

घरात दोनच माणसं आणि दोनच फोन असतील तर यातलं काही करू नका. वेळ जातो आणि घरचे वैतागतात.

आता संध्याकाळी फोटो चढत असतात आणि पलीकडे कॉल चालू असतो. मी कधीतरी राउटरचं पान उघडून 'टाकून दिलेली पॅकेटं' हा आकडा पाहतो. काल रात्रीही तो काही हजारांनी वाढला होता. घरी मी तो कुणाला दाखवलेला नाही. इतकं वाया जातंय म्हटल्यावर त्या चार अँटेनांची आठवण निघेल.