केमो घरी घ्या, पण त्रास अंगावर काढू नका

मालवण किंवा गुहागरहून कॅन्सरच्या केमोसाठी मुंबईत परळचं टाटा हॉस्पिटल गाठायचं म्हणजे रात्रीचा प्रवास, नातेवाइकांच्या खोलीत मुक्काम आणि सोबत आलेल्याचा बुडालेला रोजगार. त्यामुळे घरी घेता येणाऱ्या गोळ्या कोकणातल्या पेशंटला मोठा दिलासा वाटतात, आणि तो खराही आहे. मात्र वॉर्डातली नर्स जे बघते, ते घरी कुणीतरी बघायला हवं.

कॅपेसिटाबिनचं उदाहरण घेऊ. आतड्याच्या आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये ही गोळी देतात. सहसा 14 दिवस सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, मग 7 दिवस सुट्टी. शरीरात तिचं फाइव्ह-एफयू हे औषध बनतं आणि वेगानं वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. आतड्याचं अस्तरही भराभर नवं होत असतं, म्हणून जुलाब लागतात. तळहात-तळपाय लाल होतात, चुरचुरतात, सालं निघतात. अशा हातांनी विळीवर नारळ खवायचा, विहिरीवर कपडे आपटायचे आणि वर ‘काही नाही, होईल बरं’ म्हणायचं, हे आपल्या बायका सर्रास करतात. केमो चालू आहे तोवर विळी दुसऱ्यानं घ्यावी, हे घरच्यांनीच ठरवायला हवं. हातापायांच्या या त्रासावर उपायही आहे. दिल्लीच्या एम्समध्ये 264 पेशंटवर झालेल्या अभ्यासात डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं जेल लावणाऱ्यांपैकी 3.8 टक्क्यांनाच हा त्रास मध्यम किंवा तीव्र झाला. औषध नसलेलं साधं जेल लावणाऱ्यांत 15 टक्क्यांना. डॉक्टरांना जरूर विचारा.

जुलाब नेहमीपेक्षा चार वेळा जास्त झाले किंवा रात्री उठावं लागलं, तर पुढची गोळी घेण्याआधी फोन करायचा. पेज पीत राहा, पण पेजेवर भिस्त ठेवून दोन दिवस काढू नका. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर अजिबात थांबायचं नाही. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, साधा संसर्गही काही तासांत जिवावर बेतू शकतो. पॅरासिटामॉल घेतली की ताप झाकला जातो, म्हणून आधी फोन.

एवढ्याशा सांगण्यानं काय होतं? न्यूयॉर्कमध्ये केमो घेणाऱ्या 766 पेशंटवर अभ्यास झाला. काहींनी आपले त्रास संगणकावर नियमित नोंदवले, आणि त्रास वाढला की नर्सला निरोप जाई. त्यांचं रोजचं जगणं जास्त सुसह्य राहिलंच, शिवाय 2017 साली आलेल्या निकालांत त्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) 31.2 महिने निघालं, बाकीच्यांचं 26. एखाद्या महागड्या औषधानंही एवढा फरक पडला तर आपण त्याचं कौतुक करतो.

आपल्याकडे त्रास नोंदवायला वही आणि थर्मामीटर पुरे. पावसाळ्यात मात्र वीज जाते, नेटवर्क जातं, घाट बंद होतो. जून लागण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा, रात्री ताप आला तर जवळचं कुठलं हॉस्पिटल गाठायचं. चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कॅन्सरचे उपचार होतात. गाडी कुणाची, तेही आधीच बोलून ठेवा. तपासणीला जाताना वही विसरू नका. रांगेत बसल्यावर मागच्या पंधरवड्यातले जुलाब आठवत नाहीत.