ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन : उड्डाणाचा वेळ वेगळा, प्रवासाचा वेळ वेगळा

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या लाँगइयरब्येन गावाला हवाई अंतर साधारण ९६० किलोमीटर, म्हणजे ५१८ सागरी मैल. सपाट नकाशात ते कितीतरी जास्त वाटतं, कारण मर्केटर या नकाशा काढण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ७८ अंश उत्तरेला सगळं जवळपास पाचपट ताणलं जातं. तिथे बोटाने अंतर मोजू नये.

आता वेळ. ९६० किलोमीटरला विमानाच्या ताशी ८३० किलोमीटर वेगाने भागलं की १ तास १० मिनिटं येतात. पण हा वेग विमानाला फक्त मधल्या टप्प्यात मिळतो. चढताना आणि उतरताना तो बराच कमी असतो. तिकिटावरचा वेळ तर गेट सोडल्यापासून दुसऱ्या गेटाला लागेपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं आलं आणि वेळापत्रक सांभाळायला ठेवलेली काही जादा मिनिटंही आली. म्हणून तिकिटावर साधारण १ तास ४० मिनिटं दिसतात. हिवाळ्यात पंखांवरचा बर्फ काढायला लागणारा वेळ आणखी वेगळा.

मुंबई–लंडन मार्गावर जाण्यायेण्यात जवळपास तासाभराचा फरक पडतो, कारण पश्चिमेचे वारे एकदा समोरून येतात, एकदा पाठीमागून. इथे मार्ग जवळजवळ सरळ उत्तरेचा, वारे बहुधा आडवे, त्यामुळे जाताना आणि येताना वेळ सारखाच. घड्याळही दोन्हीकडे नॉर्वेचंच. निघण्याची वेळ पोहोचण्याच्या वेळेतून वजा करा, उत्तर बरोबर येतं.

प्रवासाचा वेळ मात्र या आकड्यांत बसत नाही. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनबाहेर, म्हणजे आपसांत पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहे, त्यामुळे पासपोर्ट तपासणी होतेच. ऑस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाणाऱ्या काही उड्डाणांत हातातलं सामान घेऊन ट्रॉम्सोला उतरायचं, पासपोर्ट तपासून घ्यायचा आणि पुन्हा त्याच विमानात चढायचं. भारतीय पासपोर्टवाल्यांनी नीट पाहायची गोष्ट ही : स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण परतताना पुन्हा शेंगेनमध्ये शिरावं लागतं. एकच प्रवेश असलेला व्हिसा जाताना संपलेला असतो! निदान दोन प्रवेशांचा घ्यावा.

ट्रॉम्सोतल्या मुक्कामापासून लाँगइयरब्येनच्या हॉटेलपर्यंतचा हिशेब करताना विमानतळावरचे दोन तास धरा. लाँगइयरब्येनचा विमानतळ गावापासून जेमतेम पाचेक किलोमीटरवर आहे आणि उड्डाण आलं की बस उभी असते, त्यामुळे तिथे फारसा वेळ जात नाही. सगळं मिळून साडेचार तास धरले तर चालतील.

खरी अडचण हवामानाची. द्वीपसमूहावर मोठ्या जेटला उतरता येईल अशी दुसरी धावपट्टी नाही. धुकं किंवा खालचे ढग उतरू देत नसतील, तर विमान थोड्या घिरट्या घालून मुख्य भूमीकडे परततं. तेवढं इंधन आधीच भरलेलं असतं. मग तीन-साडेतीन तास उडून तुम्ही बहुधा पुन्हा ट्रॉम्सोतच. येणारं विमानच उतरलं नाही, तर परत नेणारंही नसतं. म्हणून परतीच्या प्रवासात ऑस्लोहून पुढचं लांबचं उड्डाण त्याच दिवशीचं घेऊ नये, मध्ये एक रात्र ठेवावी.