मटेरियल्स सायन्समध्ये पीएच.डी.: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

मटेरियल्स सायन्स अँड इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करायची ठरली की बहुतेक जण आधी विद्यापीठांची क्रमवारी उघडून बसतात. माझा आग्रह आहे की आधी संशोधनगट शोधा. एकाच विभागात एक गट जेट इंजिनाच्या पात्यांसाठी निकेलच्या सुपरअलॉयवर (प्रचंड उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूंवर) काम करत असतो, दुसरा सॉलिड-स्टेट बॅटरीच्या इलेक्ट्रोलाइटवर आणि तिसऱ्या गटाचं सगळं काम संगणकावरच्या सिम्युलेशनचं असतं. निवड समितीसुद्धा अर्ज वाचताना हेच बघते, की या विद्यार्थ्याला आपल्यापैकी कुणाकडे काम मिळेल. गट ठरले की पुढची कागदपत्रं लिहिणं कितीतरी सोपं जातं.

पदवी मटेरियल्स किंवा मेटलर्जीचीच हवी, असं नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मेकॅनिकल, केमिकल, सिरॅमिक, पॉलिमर या शाखांतून आलेले विद्यार्थी जवळपास प्रत्येक विभागात असतात. थर्मोडायनॅमिक्स, फेज डायग्राम, डिफ्युजन आणि स्फटिकरचना यांची ओळख मात्र असावी. एखादा विषय राहिला असेल तर तो लपवू नका. प्रवेशानंतर तो कोर्स करून घेण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते. पात्रतेतला खरा फरक देशानुसार पडतो. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो आणि साधारण पाच-सहा वर्षं लागतात. युरोपात बहुतेक देशांत मास्टर्स लागतं. ब्रिटनमध्ये उत्तम गुणांच्या ऑनर्स पदवीवरही प्रवेश मिळू शकतो, आणि तिथला कालावधी तीन ते चार वर्षांचा असतो.

अर्जाचे मार्गही दोन आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. अमेरिकेत अर्ज विभागाकडे जातो. मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरमध्ये संपते आणि शिक्षण पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतं. मार्गदर्शक काही ठिकाणी प्रवेशाबरोबरच ठरतो, तर काही ठिकाणी पहिल्या सत्रात. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन इथे बहुतेक वेळा जागेची जाहिरात निघते. तुम्ही पगारी संशोधक म्हणून अर्ज करता, मुलाखतीत आपल्या मास्टर्सच्या प्रबंधावर छोटं सादरीकरण द्यावं लागतं, आणि जागा वर्षभर निघत राहतात. युरोपीय संघाच्या निधीतून चालणाऱ्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्क या योजनेतल्या पीएच.डी.च्या जागांना आणखी एक अट असते: नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम केलेले नसावे. तिथेच मास्टर्स केलेल्यांना ही अट हमखास आडवी येते, म्हणून ती आधी तपासा.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ एसओपीला, म्हणजे उद्देशपत्राला द्या. ‘मी एक्स-रे डिफ्रॅक्शन, एसईएम आणि डीएससी वापरले आहे’ हे वाक्य जवळपास प्रत्येक अर्जात असतं (एसईएम म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, डीएससी म्हणजे तापवताना पदार्थ किती उष्णता घेतो-सोडतो हे मोजणारं उपकरण) आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल: ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं एजिंग करताना, म्हणजे तो ठरावीक तापमानाला बराच वेळ ठेवताना, कडकपणा आधी वाढला आणि मग उतरू लागला, धातूत तयार झालेले सूक्ष्म कण मोठे होत गेल्यामुळे असं होत असावं असं वाटलं, पण ते एसईएममध्ये दिसण्याइतके मोठे नव्हते, म्हणून त्याहून बारीक दाखवणाऱ्या टीईएमकडे (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपकडे) वळलो. एवढ्यात प्रश्न, तर्क, उपकरणाची मर्यादा आणि पुढचं पाऊल असं सगळं आलं. सिम्युलेशन केलं असेल तर कोणती प्रणाली, कोणता कोड आणि उत्तर विश्वासार्ह आहे हे कसं तपासलं, ते सांगा. शेवटच्या परिच्छेदात दोन-तीन प्राध्यापकांची नावं त्यांच्या नेमक्या कामासकट यावीत. नुसती नावं पेरली तर वाचणाऱ्याला लगेच कळतं.

शिफारसपत्रं अमेरिकेत साधारण तीन लागतात, इतरत्र दोनही चालतात. प्रयोगशाळेत तुमचं काम रोज पाहिलेल्या व्यक्तीचं पत्र मोठ्या पदावरच्या अनोळखी माणसाच्या पत्रापेक्षा नेहमी जड ठरतं. पत्र शिफारस करणारी व्यक्ती स्वतः पोर्टलवर चढवते; लिंक त्यांच्या ईमेलवर जाते, आणि तिथे संस्थेचा ईमेल पत्ता द्यावा. त्यांना निदान महिनाभर आधी सांगा. सोबत सीव्ही, एसओपीचा मसुदा आणि प्रत्येक विद्यापीठाची अंतिम तारीख पाठवा.

उरलेली कागदपत्रं सरधोपट आहेत, पण वेळ खातात. सर्व सत्रांची गुणपत्रकं, पदवी प्रमाणपत्र किंवा ते मिळेपर्यंत तात्पुरतं प्रमाणपत्र, गुणांकन पद्धतीचा खुलासा आणि पासपोर्ट लागतो. मूळ कागद दुसऱ्या भाषेत असतील तर अधिकृत अनुवादही लागतो. अर्जाच्या वेळी बहुधा स्कॅन प्रती चालतात, मूळ प्रवेशानंतर मागतात. पासपोर्टवरचं आणि गुणपत्रकावरचं नाव जुळत नसेल तर ते आजच दुरुस्तीला टाका. टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षं ग्राह्य असतात. आधीचं शिक्षण इंग्रजीतून झालं असेल तर काही विभाग सूट देतात. जीआरई या प्रवेशपरीक्षेची अट अनेक विभागांनी काढली आहे, तेव्हा विभागाच्या पानावर पाहिल्याशिवाय परीक्षेचं शुल्क भरू नका. अर्जाचं शुल्क जड जात असेल तर शुल्कमाफीची विनंती जरूर करा. ती करण्यात कसलाही कमीपणा नाही.

प्राध्यापकांना ईमेल लिहिताना तो दहा ओळींत बसवा: त्यांच्या कोणत्या शोधनिबंधातून कोणता प्रश्न पडला, तुम्ही त्याच्या जवळपासचं काय केलं आहे, आणि येत्या वर्षी जागा आहे का. उत्तर आलं नाही तरी अर्ज करा.

प्रवेशाचा प्रस्ताव (ऑफर) आल्यावर घाई नको. अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठं आर्थिक मदतीच्या प्रस्तावाचं उत्तर १५ एप्रिलच्या आधी देण्याची सक्ती करू शकत नाहीत. तेवढ्या वेळात त्या गटातल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोला: टीईएमवर वेळ मिळायला किती थांबावं लागतं, विद्यावेतन उन्हाळ्यातही मिळतं का, गटातून आधी गेलेले आता कुठे आहेत. पत्रात शिक्षणशुल्क, आरोग्य विमा आणि मदत किती वर्षांची, हे तिन्ही लेखी असावं.

ब्रिटनला जाणाऱ्यांनी एटीएएस (ॲकॅडेमिक टेक्नॉलॉजी अप्रूव्हल स्कीम) हे नाव लक्षात ठेवावं. मटेरियल्ससारख्या संवेदनशील विषयांत संशोधन करण्यासाठी, सूट मिळालेले मोजके देश सोडून इतर परदेशी विद्यार्थ्यांना हे मंजुरीपत्र व्हिसाच्या आधी लागतं. त्याला शुल्क नाही, पण यायला काही आठवडे लागतात, आणि संशोधनाचं वर्णन विद्यापीठाने दिलेलंच भरायचं असतं. म्हणून प्रस्ताव स्वीकारल्यावर ते वर्णन विद्यापीठाकडून लगेच मागून घ्या आणि त्याच आठवड्यात अर्ज टाका.