पॅप तपासणीची काच: हातानं की यंत्रानं?

‘मशीनवरची पॅप तपासणी’ म्हटलं की मशीननंच कॅन्सर शोधला, असं सोलापुरात अनेकांना वाटतं. पण गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीच्या या तपासणीत बहुतेक प्रयोगशाळांत हे मशीन फक्त पेशींची काच तयार करतं. सूक्ष्मदर्शकाखाली ती वाचणारा माणूसच असतो.

गर्भपिशवीच्या तोंडावरून ब्रशनं पेशी घेतात. जुन्या पद्धतीत त्या थेट काचेवर फासत. निम्म्याहून जास्त पेशी ब्रशलाच चिकटून कचऱ्यात जात आणि उरलेल्या रक्ताखाली, चिकट स्रावाखाली दडत. नव्या पद्धतीत ब्रश अल्कोहोल असलेल्या द्रवात धुतात. मग बाटलीतल्या पेशींचा पातळ थर काचेवर आणायचा कसा?

अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळालेल्या थिनप्रेप यंत्राचं उत्तर मला फार देखणं वाटतं. सूक्ष्म छिद्रांचा पडदा लावलेली नळी द्रवात फिरते आणि स्रावाच्या गुठळ्या सुट्या करते. मग हलक्या ओढीनं द्रव आत जातो, पेशी पडद्यावर बसतात. किती बसल्या की थांबायचं? चहाच्या गाळणीवर चोथा साचला की धार मंदावते, तसंच इथं होतं. छिद्रं झाकली जातात, प्रवाह घटतो आणि तो ठरावीक पातळीला आला की यंत्र थांबतं. मग पडदा काचेवर टेकवला की २० मिलिमीटरचं गोल वर्तुळ उमटतं.

म्हणजे यंत्र पेशी मोजत नाही, ते अडथळा मोजतं! नमुन्यात रक्त फार असेल तर रक्तच छिद्रं बुजवतं, यंत्र लवकर थांबतं आणि काचेवर हव्या त्या पेशी कमी पडतात. अशा वेळी ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडनं तांबड्या पेशी फोडून काच पुन्हा करावी लागते.

हाताच्या पद्धतीत बाटलीतला हाच द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे पेशी तळाला बसवणाऱ्या यंत्रात, जोरात फिरवून वरचं पाणी ओततात. तळाचा साका किती जाड आहे ते पाहून त्यात किती द्रव घालायचा, हे तंत्रज्ञ ठरवतो. रक्त त्याला तिथंच दिसतं. खर्चही कमी. पण दिवसाच्या शेवटच्या नमुन्याला थकलेला डोळा तोच अंदाज बांधेल याची खात्री नाही, आणि यंत्राची खरी सरशी आहे ती या सातत्यात. पॅप तपासणीचा अहवाल ज्या बेथेस्डा पद्धतीनं लिहितात, तिची काचेवर किमान ५,००० पेशींची अट दोघांनाही सारखीच. त्यामुळे ‘मशीनवर केलं म्हणजे अचूक’ ही निव्वळ जाहिरात आहे.

त्याहून घातक आहे ते अंगावरून जाण्याला ‘उष्णता’ किंवा ‘बाहेरचं’ म्हणत वर्षं घालवणं. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त दिसलं तर डॉक्टरांकडे लगेच जावं.

आपल्या जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले; पॅप तपासणीच्या गटात तेवढी घट दिसली नाही. काच हातानं केलेली असो वा यंत्रानं, बाटलीत उरलेल्या द्रवावर एचपीव्ही तपासणी बहुधा करता येते. नमुना देताना प्रयोगशाळेला हे जरूर विचारा.