छोट्या क्लॅमला बाटलीतलं फायटोप्लँक्टन लागतंच का?

पाच सेंटिमीटरपेक्षा लहान जायंट क्लॅमच्या (मोठ्या समुद्री शिंपल्याच्या) अंगात पुरेसं शैवाल नसतं, म्हणून रोज फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल) दिलं नाही तर तो उपाशी मरतो, असा समज रीफ टँकवाल्यांमध्ये (घरी खाऱ्या पाण्यात प्रवाळ पाळणाऱ्यांमध्ये) वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. क्लॅम अगदी लहानपणीच पाण्यातलं झूझँथेली शैवाल, जे प्रकाशातून त्याच्यासाठी अन्न बनवतं, गिळतो आणि मँटलमध्ये (शिंपल्यातल्या मांसल पडद्यात) वाढवतो. चांगल्या प्रकाशात ते त्याला पुरतं. पाणी गाळून तो खातो हेही खरं, पण अंधुक टँकमधली उपासमार बाटलीने भरून निघत नाही. उलट जास्त ओतलं की फॉस्फेट चढतं.

मग पिल्लं मरतात कशाने? बहुतेकदा ओढाताणीने. क्लॅम ज्यांनी दगडाला चिकटतो ते तळाचे बिसस धागे हिसक्याने तुटले तर त्यांची ग्रंथी फाटते आणि काही दिवसांत खेळ संपतो. म्हणून क्लॅम सुरुवातीलाच छोट्या सपाट दगडावर बसवा आणि हलवायचा तर दगडासकट हलवा. मोठ्या खडकाला चिकटलाच असेल, तर धागे खडकालगत ब्लेडने कापा.

दुसरा शत्रू क्लॅमचा रस शोषणारी पिरॅमिडेलिड गोगलगाय: पांढरी, तांदळाच्या दाण्याहून बारीक. रात्री टॉर्च घेऊन शिंपल्याची कड आणि तळ पाहा, जुन्या टूथब्रशने घासा. अंडी राहतात, म्हणून काही आठवडे हे चालू ठेवा.

पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल झेलण्याची क्षमता) ८–९ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम ४००–४५० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) ठेवा. नायट्रेट शून्यावर नेऊ नका, २–१० पीपीएम चालतं. शैवालालाही नायट्रोजन लागतो.

भारतात जायंट क्लॅमच्या मॅक्झिमा आणि स्क्वॅमोसा या जाती १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. समुद्रातून उचललेला क्लॅम घेऊच नका.