वाघाटी, बचनाग, विंचू: झाडांच्या नावांत प्राणी आले कुठून?

आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना पुष्कळ घरांत वाघाटीची भाजी लागतेच. मंडईत तेवढ्यापुरती हिरवी फळं दिसतात; वेल मात्र फारशी कुणी पाहिलेली नसते. पानाच्या देठाशी मागे वळलेल्या काट्यांची जोडी असते, आणि तिच्यात कापड अडकलं की फाटल्याशिवाय सहसा सुटत नाही. संस्कृतात हिला व्याघ्रनखी म्हणतात. हे नाव भाजी खाणाऱ्याने ठेवलेलं नाही, वेलीत अडकलेल्याने ठेवलेलं असणार.

प्राण्यांवरून पडलेली नावं बहुधा अशीच, रानात ओळख पटावी म्हणून पडली. गोकर्ण किंवा पावसाच्या तोंडावर सह्याद्रीत फणा काढून उभा राहणारा सापकांदा ही नावं रूपावरून आली. अश्वगंधेच्या ओल्या मुळीला घोड्याचा वास येतो म्हणून ती अश्वगंधा. खाजकुहिलीचं कपिकच्छू हे नाव तर थेट परिणामावरून आलं: शेंगेवरची कुसं अंगाला लागली की माणूस माकडासारखा खाजवत सुटतो.

सर्पगंधेची कथा जास्त गुंतागुंतीची आहे. जुन्या वैद्यकग्रंथांतली नाकुली म्हणजे हीच, असं अनेक जण मानतात, आणि नाकुली हे नाव नकुलावरून, म्हणजे मुंगसावरून आलं. म्हणजे साप आणि त्याचा वैरी, दोघेही एकाच झुडपाच्या नावांत. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात सर्पविषावरच्या मुळ्यांची माहिती दिली आहे. नागाशी झुंजताना मुंगूस अशी मुळी खातं, ते पाहून माणसं शिकली, ही सिलोनकडची हकिगत त्याने नोंदवली. पुढे शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाने सर्पगंधेच्या प्रजातीला लेओनहार्ड राउवोल्फ या जर्मन वैद्याचं नाव दिलं. राउवोल्फ भारतात कधी आलाच नव्हता. शिवाय त्याच्या आडनावातला ‘वोल्फ’ म्हणजे लांडगा, तोही आता या झुडपाला चिकटला! सापाचं विष काही ही मुळी उतरवत नाही. तिचा खरा गुण वेगळाच निघाला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तिच्या रक्तदाबावरच्या उपयोगाचे निष्कर्ष छापले, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांचं तिच्याकडे लक्ष गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रिसर्पीन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं.

सर्पगंधेच्या नावाने फार तर गैरसमज होतो. बचनागाच्या बाबतीत गाठ विषाशी आहे. या शब्दात नाग ऐकू येतो, पण तो तिथे नाहीच. मूळ शब्द वत्सनाभ, म्हणजे वासराची नाळ. हिमालयातल्या एका विषारी वनस्पतीची मुळी तशी दिसते म्हणून हे नाव. वापरता वापरता ‘नाभ’चा ‘नाग’ झाला आणि आपल्याकडे तेच नाव कळलावीलाही लागलं. कळलावी पावसाळ्यात कुंपणांवर चढते, पानांच्या टोकांनी आधार पकडते. तिच्या पाकळ्या आधी हिरवट, मग पिवळ्या, शेवटी लालभडक होतात. तिला खड्यानाग असंही म्हणतात. दोन्ही झाडं विषारी, पण विषं निराळी. हिमालयातल्या बचनागातलं अकोनिटीन हृदयाची लय बिघडवतं, तर कळलावीतलं कोल्चिसीन पेशींचं विभाजन रोखतं. काष्ठौषधींच्या दुकानात नुसतं ‘बचनाग द्या’ म्हणणं म्हणूनच बरं नव्हे.

ही सगळी नावं ऋषिमुनींच्या काळातली, असा एक सोयीस्कर समज आहे. विंचू नावाचं झुडूप तो मोडून काढतं. ते मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, त्यामुळे युरोपीय जहाजं इकडे येऊ लागल्यावरच ते इथे पोचलं असणार. त्याच्या शास्त्रीय नावात केंब्रिजचे प्राध्यापक जॉन मार्टिन यांचं नाव आहे. आपल्या लोकांनी विंचू म्हटलं, कुठे वाघनखीही. फळाचं हिरवं साल गळून पडलं की आत काळपट, लाकडासारखं कठीण कवच उरतं आणि टोकाला दोन अणकुचीदार, वाकडे आकडे. अनवाणी पायाखाली आलं की नाव कसं पडलं ते विचारावं लागत नाही. विंचू चावल्यावर हेच फळ उगाळून लावायची रीतही कुठे कुठे पडली, म्हणजे आधी रूप पाहून नाव आणि मग नाव ऐकून औषध. त्याचे आकडे मुळात जनावरांच्या पायांत अडकून दूरवर जाण्यासाठीच आहेत. इथे ते काम गुराढोरांकडून फुकटात होतं, म्हणून पडीक रानात आणि रस्त्याच्या कडेला विंचू सर्रास दिसतो.