‘आयटीआय म्हणजे पुढचं शिक्षण बंद’?

दहावीच्या निकालानंतर कोकणात हा मेसेज हमखास फिरतो. तसं नाही. दहावीनंतर 2 वर्षांचा ट्रेड, म्हणजे फिटर, इलेक्ट्रिशियन किंवा लोटे-महाडच्या रासायनिक कारखान्यांना लागणारा अटेंडंट ऑपरेटर, उत्तीर्ण झालात तर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. वेल्डर मात्र 1 वर्षाचा. त्यावर थेट दुसरं वर्ष नाही, दहावीच्या गुणांवर पहिलं वर्ष आहे. गैरसमज बहुधा इथूनच झाला असावा.

पडताळायचं तर प्रमाणपत्रावर ट्रेडचा कालावधी बघा, मग डिप्लोमा प्रवेशाच्या चालू माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं पान वाचा. थेट दुसऱ्या वर्षाला गेलेली मुलं अडकतात ती गणितात, कारण पहिल्या वर्षाचं गणित हुकलेलं असतं. लॉगॅरिदम आणि त्रिकोणमिती सुट्टीतच पक्की करून घ्या.